लेखणी कोणाच्या हाती? अमेरिकन विद्यापीठांतील 'रायटिंग ट्यूटर' : एक चिकित्सक परामर्श

प्रास्ताविक

अध्यापक आणि विद्यार्थी ह्या दोहोंच्या मध्ये बसणारी एक तिसरी व्यक्ती अमेरिकन विद्यापीठांच्या आवारात गेली सुमारे पाच दशके वावरत आहे. इंग्रजीत तिला 'रायटिंग ट्यूटर' असे म्हणतात. ग्रंथालयाच्या एखाद्या दालनात अथवा इंग्रजी विभागाच्या तळमजल्यावर मांडलेल्या टेबलापाशी ती बसते. विद्यार्थी आपल्या निबंधाचा कच्चा खर्डा घेऊन येतो, अर्धा-पाऊण तास त्या खर्ड्याविषयी बोलणे होते आणि विद्यार्थी खर्डा घेऊन परत जातो. ही व्यक्ती गुण देत नाही, हजेरी मांडत नाही. पुष्कळ ठिकाणी ती स्वतःच पदवी वा पदव्युत्तर वर्गात शिकत असते आणि तासाच्या हिशेबाने मानधन घेते. हे काम जेथे चालते त्या जागेस 'रायटिंग सेंटर' म्हणतात. प्रस्तुत निबंधात त्या जागेस लेखन-केंद्र आणि त्या व्यक्तीस लेखन-सहायक असे संबोधले आहे.

'लेखन-सहायक' हा शब्द नाइलाजाने योजला आहे, कारण आपल्याकडे ही व्यक्तीच नाही. 'शिकवणी' म्हटले की फी आणि परीक्षा डोळ्यांपुढे येते. 'मार्गदर्शक' म्हटले की पीएच.डी.चा अर्ज आठवतो. आपल्या परीक्षापद्धतीला परिचित असलेला एकच जवळचा शब्द आहे, तो म्हणजे 'लेखनिक'. दृष्टिहीन परीक्षार्थी सांगेल ते लेखनिकाने उतरवून घ्यावयाचे असते. स्वतःचे डोके चालवावयाचे नसते. म्हणूनच लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावे अशी अट अनेक परीक्षांत घातली जाते. अमेरिकन लेखन-सहायक ही नेमकी ह्याच्या उलट कल्पना आहे. त्याने विचार करावयाचा, प्रश्न विचारावयाचे, बोलावयाचे. परंतु लेखणी हाती धरावयाची नाही. लेखनिकावर विचाराची बंदी आणि सहायकावर लेखणीची बंदी, अशा ह्या दोन बंद्या आहेत. दुसऱ्या बंदीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. लेखन-केंद्रांविषयीचे इंग्रजीतील वाङ्मय आता विपुल झाले आहे. त्यांतील काही मोजके निबंध येथे संहिता म्हणून वाचावयाचे आहेत, आणि ते वाचताना महाराष्ट्रातील एका ग्रामीण महाविद्यालयातील अनुभव बाजूस ठेवणे प्रस्तुत लेखिकेला शक्य झालेले नाही.

उगम : न्यूयॉर्क, १९७०

लेखनाची 'प्रयोगशाळा' ही कल्पना त्या देशात जुनी आहे. आयोवा विद्यापीठात तशी प्रयोगशाळा १९३०च्या दशकातच होती. मात्र विद्यार्थ्यानेच विद्यार्थ्यास साहाय्य करावे ह्या विचाराला बळ मिळाले ते न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठात. १९६९ च्या एप्रिल महिन्यात सिटी कॉलेजमधील कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन विद्यार्थ्यांनी आवाराचा ताबा घेतला. शहरातील शाळांत जे विद्यार्थी बहुसंख्येने होते ते ह्या महाविद्यालयात मात्र नगण्य होते, हे त्यांच्या आंदोलनाचे मूळ होते. त्यानंतर १९७० पासून विद्यापीठाने खुल्या प्रवेशाचे धोरण लागू केले. शहरातील माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला विद्यापीठाच्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात जागा मिळाली. ज्या घरांत आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते त्या घरांतील मुले वर्गात आली, आणि त्यांचे कागद वाचून अध्यापकवर्ग गोंधळून गेला.

ह्या गोंधळातून दोन महत्त्वाची उत्तरे पुढे आली. पहिले उत्तर सिटी कॉलेजमधील मीना शॉनेसी ह्यांचे. त्यांनी नवागत विद्यार्थ्यांचे सुमारे चार हजार निबंध तपासले आणि १९७७ मध्ये 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याच्या चुका हा आळसाचा अथवा मंदबुद्धीचा पुरावा नसून त्या चुकांना स्वतःचे तर्कशास्त्र असते, हे त्यांनी उदाहरणांनिशी दाखविले. दुसरे उत्तर ब्रुकलिन कॉलेजमधील केनेथ ब्रफी ह्यांचे. महाविद्यालयाने नेमलेल्या व्यावसायिक साहाय्यकांकडे विद्यार्थी फिरकतच नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. ते साहाय्य म्हणजे वर्गाचाच वाढविलेला हात आहे असे विद्यार्थ्यांना वाटे. तेव्हा ब्रफी ह्यांनी विद्यार्थ्यांनाच शेजारी बसविले. निवडलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी लेखनाचा एक अभ्यासक्रम आखला. त्यात ते एकमेकांचे निबंध वाचत, त्यावर लेखी अभिप्राय देत, आणि मग इतरांना साहाय्य करीत. १९८४ मधील त्यांच्या प्रसिद्ध निबंधात ह्या व्यवहाराला तात्त्विक बैठक मिळाली. विचार हे आत वळलेले संभाषण होय आणि लेखन हे त्या संभाषणाचे पुन्हा बाहेर येणे होय, अशी ती मांडणी आहे. मायकल ओकशॉट, विगॉट्स्की आणि रिचर्ड रॉर्टी ह्यांचा आधार तिला आहे.

ब्रफी ह्यांच्या मांडणीत एक गृहीत आहे व ते अगत्याने नोंदविले पाहिजे. शेजारी बसणारा 'समान' आहे, असे ते गृहीत. जॉन ट्रिम्बर ह्यांनी १९८७ मध्ये ह्याच गृहीतावर बोट ठेवले. जो समान आहे तो शिकविणारा कसा, आणि जो शिकविण्यासाठी निवडला गेला तो समान कसा राहील? निवडलेला विद्यार्थी हा संस्थेने यशस्वी ठरविलेला विद्यार्थी असतो. त्याची एक निष्ठा सोबत्यांकडे आणि दुसरी त्याला यश देणाऱ्या व्यवस्थेकडे असते. ट्रिम्बर ह्यांचा हा प्रश्न पुढे एका ऊसतोड कामगाराच्या मुलीच्या संदर्भात पुन्हा यावयाचा आहे.

दुरुस्तीचे दुकान की आणखी काही?

स्टीफन नॉर्थ ह्यांचा 'द आयडिया ऑफ अ रायटिंग सेंटर' हा १९८४ मधील निबंध ह्या क्षेत्राचा जाहीरनामा मानला जातो. त्याचा सूर संतापाचा आहे, आणि तो संताप समजून घेण्याजोगा आहे. विभागातील सहकारी आपल्या 'कच्च्या' विद्यार्थ्यांना केंद्राकडे धाडतात ते गॅरेजात गाडी धाडावी तसे. व्याकरणाचे पंक्चर काढून परत पाठवा, एवढीच त्यांची अपेक्षा असते. नॉर्थ ह्यांनी ही अपेक्षा नाकारली. केंद्राचे काम कागद सुधारण्याचे नसून कागद लिहिणारी व्यक्ती घडविण्याचे आहे, हे त्यांचे सूत्र पुढे अमेरिकाभर केंद्रांच्या भिंतींवर आणि प्रशिक्षणपुस्तिकांत उतरले. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, नॉर्थ ह्यांनी स्वतःच ह्या निबंधाचा पुनर्विचार केला आणि आपण रंगविलेले चित्र अतिशय स्वप्नाळू होते अशी कबुली दिली. प्रत्येक विद्यार्थी लिहिण्याच्या आंतरिक ओढीने केंद्रात येतो असे आपण गृहीत धरले, प्रत्यक्षात तसे नसते, हे त्यांनी मान्य केले. ह्या कबुलीचा फारसा परिणाम झालेला दिसत नाही. सूत्रे उद्धृत करणे सोपे असते, पुनर्विचार उद्धृत करणे अवघड.

सूत्राचे आचारसंहितेत रूपांतर झाले ते जेफ ब्रूक्स ह्यांच्या १९९१ मधील छोट्या लेखात. विद्यार्थ्याकडूनच सारे काम करवून घ्यावे, असे त्या लेखाचे शीर्षकच सांगते. 'रायटिंग लॅब न्यूजलेटर' ह्या पत्रिकेत तो प्रसिद्ध झाला. ही पत्रिका पर्ड्यू विद्यापीठाच्या म्युरिअल हॅरिस ह्यांनी १९७७ मध्ये सुरू केली होती. लेखातील सूचना अत्यंत शारीर आहेत. टेबलाच्या पलीकडे न बसता विद्यार्थ्याच्या शेजारी बसावे. कागद आपल्यापेक्षा विद्यार्थ्याच्या जवळ राहील असे पाहावे. आपण उजव्या हाताने लिहीत असाल तर विद्यार्थ्याच्या उजव्या बाजूस बसावे, म्हणजे त्याच्या कागदावर लिहिणे आपल्याला अवघड जाईल. त्याहून बरे म्हणजे हातात पेन्सिलच घेऊ नये. निबंध विद्यार्थ्याने स्वतः मोठ्याने वाचावा. आणि विद्यार्थी उदासीन असेल, सारे काम सहायकावर ढकलू पाहत असेल, तर सहायकानेही खुर्ची मागे सरकवावी, इकडेतिकडे पाहावे, त्याच्या देहबोलीला तशाच देहबोलीने उत्तर द्यावे.

समीक्षेच्या दृष्टीने ह्या लेखातील सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे त्यात कल्पिलेला विद्यार्थी. तो आळशी असू शकतो, धूर्त असू शकतो, आत्मविश्वास हरवलेला असू शकतो. पण भाषेविषयी तो अज्ञ असू शकत नाही. उत्तर त्याच्या आत आहेच, केवळ ते बाहेर काढावयाचे आहे, ह्या विश्वासावर सारी रचना उभी आहे. 'ह्या वाक्याचा तुला काय अर्थ अभिप्रेत आहे?' हा प्रश्न ज्याला अर्थही ठाऊक आहे आणि तो मांडण्याच्या दोन-तीन रीतीही ठाऊक आहेत त्याच्यासाठी उपकारक ठरतो. ज्याला एकही रीत ठाऊक नाही त्याला तो प्रश्न तोंडी परीक्षेसारखा वाटतो. खुर्ची मागे सरकविण्याची सूचना तर अधिकच विचार करावयास लावणारी आहे. गप्प विद्यार्थी हा अनिच्छुकच असणार, असे तीत गृहीत धरले आहे. मौनाची दुसरी कारणे ह्या लेखाला सुचलेली नाहीत.

ही बंदी विद्यार्थ्याविषयीच्या आदरातून आली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. आयरीन क्लार्क आणि डेव्ह हीली ह्यांनी १९९६ मध्ये वेगळे कारण पुढे आणले. सहायकांनी विद्यार्थ्यांचे निबंध लिहून दिले तर ते वाङ्मयचौर्य ठरेल, ही शंका अध्यापकवर्गात प्रथमपासून होती. त्या शंकेपासून केंद्रांचे रक्षण व्हावे म्हणून 'हात न लावण्याचे' धोरण स्वीकारले गेले आणि कालांतराने त्यालाच शैक्षणिक तत्त्वाचे रूप आले, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. प्रस्तुत लेखिकेला हे विवेचन पटते. पेन्सिल न धरणारा हात प्रथम संस्थेला निर्दोष ठेवतो. विद्यार्थ्याचे स्वातंत्र्य हा त्या निर्दोषत्वाला नंतर चढविलेला पोशाख आहे. एका बाबतीत मात्र हा पोशाख २०२२ च्या नोव्हेंबरपासून फाटला आहे. चॅटजीपीटीसारखी यंत्रे विद्यार्थ्याचा कागद क्षणार्धात पुन्हा लिहून देतात, त्यांना उजवी-डावी बाजू नसते. तेव्हा चौर्याच्या भयाने माणसाचा हात बांधून ठेवण्यातून आता नेमके कोणाचे रक्षण होते, हा प्रश्न त्या केंद्रांनाही टाळता येणार नाही.

फॅनी आणि मॉर्गन

लेखन-केंद्रांच्या वाङ्मयात प्रस्तुत लेखिकेच्या मते सर्वांत मोलाची संहिता अॅन डीपार्डो ह्यांची आहे. १९९२ मधील ह्या निबंधात एका नावाहो विद्यार्थिनीची आणि तिच्या लेखन-सहायिकेची हकिगत आहे. फॅनी आणि मॉर्गन ही त्यांची निबंधातील नावे. फॅनी आदिवासी राखीव प्रदेशातून एका बहुसंख्य श्वेतवर्णीय विद्यापीठात आलेली आहे. मॉर्गन आफ्रिकन-अमेरिकन आहे, तिला पुढे इंग्रजीची शिक्षिका व्हावयाचे आहे. दोघीही त्या आवारात अल्पसंख्य आहेत. तेव्हा ब्रफी ह्यांना अभिप्रेत असलेले 'समान' येथे सापडावे अशी वाचकाची अपेक्षा होते.

ती अपेक्षा पुरी होत नाही. मॉर्गन मनापासून प्रयत्न करते. सहयोगी अध्ययनाविषयी ती एका परिषदेत ऐकून आलेली आहे, विद्यार्थ्याकडूनच उत्तर काढून घ्यावे हे तिला पक्के ठाऊक आहे. म्हणून ती प्रश्न विचारते. फॅनी गप्प राहते. मॉर्गन पुन्हा विचारते, मग स्वतःच अर्धे उत्तर सुचविते, मग फॅनी मान डोलावते. जी पद्धती विद्यार्थिनीला बोलते करण्यासाठी निघाली तीत सारे बोलणे सहायिकेचेच होऊन बसते. फॅनीची मातृभाषा कोणती, शाळेत तिच्या भाषेचे काय झाले, तिच्या समाजात उत्तर देण्यापूर्वीच्या स्तब्धतेला कोणता अर्थ असतो, हे मॉर्गनला माहीत नसते आणि ते विचारून घ्यावे असे तिला कोणी शिकविलेलेही नसते.

ह्या निबंधाचे वाङ्मयीन बळ असे की डीपार्डो मॉर्गनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाहीत. वाचताना आपला राग मॉर्गनवरून सरकत सरकत तिच्या प्रशिक्षणावर येतो. सहायिका म्हणून तिला एक पद्धती दिली गेली. समोरच्या व्यक्तीविषयीचे कुतूहल ही त्या पद्धतीची अट नव्हती. मॉर्गन स्वतः ज्या वाटेने आली त्या वाटेतील भाषिक अपमान तिला आठवत असणारच. परंतु तो अनुभव ह्या टेबलावर उपयोगाचा आहे असे तिला वाटत नाही. चांगली सहायिका होण्यासाठी तो बाजूला ठेवावा लागतो, असेच तिने मानलेले दिसते.

लिसा डेल्पिट ह्यांनी १९८८ मध्ये शालेय शिक्षणाच्या संदर्भात केलेली मांडणी येथे उपयुक्त ठरते. सत्तेच्या संस्कृतीचे नियम ज्यांच्या घरात नाहीत त्यांना ते नियम स्पष्टपणे सांगितलेच पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. सूचकतेवर आधारलेले अध्यापन ज्यांना आधीच ठाऊक आहे त्यांच्याच पदरात पडते. १९९५ मध्ये लिंडा शमून आणि डेबोरा बर्न्स ह्यांनी हाच मुद्दा लेखन-केंद्रांपर्यंत आणला. संगीताच्या क्षेत्रातील मास्टर क्लासचा त्यांनी दाखला दिला आहे. तेथे ज्येष्ठ कलावंत करून दाखवतो, शिष्य अनुकरण करतो, इतर ऐकतात. आपल्याला हा दाखला दूरचा वाटण्याचे कारण नाही. ख्याल शिकविणारा गुरू शिष्याला 'तुला ह्या रागाविषयी काय वाटते' असे विचारून थांबत नाही. तो गातो, शिष्य मागून गातो, आणि पुष्कळ वर्षांनी शिष्याचा गळा वेगळा वाजू लागतो. अर्थात गुरुगृहातील अनुकरणाला जातीच्या आणि घराण्याच्या भिंती होत्या हे विसरता येत नाही. तरीही हाताला हात लावून शिकविल्याने स्वत्व मरते, ह्या समजुतीला आपल्या संगीतपरंपरेचा पाठिंबा नाही.

व्यक्ती बदलणे म्हणजे काय?

अनिस बवार्शी आणि स्टेफनी पेल्कोव्स्की ह्यांनी १९९९ मध्ये नॉर्थ ह्यांच्या सूत्राचे जे वाचन केले ते भारतीय वाचकाला दचकविणारे आहे. कागद नव्हे, व्यक्ती बदलावयाची, ह्या म्हणण्यात त्यांना वसाहतवादी शिक्षणाचा प्रतिध्वनी ऐकू येतो. मेकॉलेच्या १८३५ मधील टिपणात रक्ताने भारतीय पण अभिरुचीने इंग्रज असा वर्ग घडविण्याची जी भाषा आहे ती आपल्या प्रत्येक बी.एड. महाविद्यालयात शिकविली जाते. तीतही व्यक्तीच बदलावयाची होती. कागद सुधारणारा निदान कागदापुरता थांबतो. व्यक्ती घडविणारा कोठे थांबेल हे सांगता येत नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन लेखन-अध्यापकांच्या परिषदेने १९७४ मध्येच विद्यार्थ्याला स्वतःच्या भाषेचा अधिकार आहे असा ठराव केला होता. ठराव आणि टेबल ह्यांतील अंतर किती मोठे असते ते फॅनीच्या हकिगतीवरून कळते.

मात्र ह्या वसाहतोत्तर टीकेची एक उणीव जाणवते. ती वाचून झाल्यावर गुरुवारी दुपारी तीन वाजता समोर बसलेल्या मुलीच्या कागदाचे काय करावयाचे, ते कळत नाही. तिला परीक्षेत गुण हवे असतात, आणि ती मागणी खोटी नसते.

आपल्याकडील रिकामे टेबल

भारतात लेखन-केंद्रे आहेत ती प्रामुख्याने इंग्रजी माध्यमाच्या खासगी विद्यापीठांत. हरियाणातील अशोका विद्यापीठाचे केंद्र त्यांपैकी परिचित. मराठी माध्यमाच्या महाविद्यालयात लेखन ही शिकविण्याची गोष्ट समजली जात नाही, तपासण्याची समजली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक विनियम ह्या दृष्टीने वाचण्याजोगे आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय नाही. दहा ते चाळीस टक्के असल्यास विद्यार्थ्याने सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावयाचा. तो सुधारावा कसा हे त्याला कोणाच्या शेजारी बसून शिकता येईल, ह्याची व्यवस्था मात्र बहुतेक महाविद्यालयांत नाही.

प्रस्तुत लेखिकेच्या एम.फिल.च्या प्रबंधिकेचे (ती पदवी आता २०२२ च्या विनियमांनी इतिहासजमा झाली) पहिले प्रकरण परत आले तेव्हा त्यावर तांबड्या शाईत 'भाषा सुधारावी' एवढाच शेरा होता. कोणती भाषा, कोठे, कशी, ह्याचे स्पष्टीकरण नव्हते. ते काम केले वसतिगृहातील एका ज्येष्ठ विद्यार्थिनीने. तिने आठ-दहा रात्री शेजारी बसून, पेन्सिल हाती घेऊन, वाक्ये खोडून, नवी लिहून दाखविली. चौथ्या रात्री पेन्सिल लेखिकेच्या हाती आली होती. ती ज्येष्ठ विद्यार्थिनी अमेरिकन अर्थाने समान नव्हती आणि शिक्षिकाही नव्हती. सगळ्या मुली तिला ताई म्हणत. ट्रिम्बर ह्यांनी दाखविलेला 'समान' आणि 'शिक्षक' ह्यांतील विरोध आपल्या वसतिगृहांत ह्या नात्याच्या शब्दाने पुष्कळसा मिटविलेला असतो. ताई जवळची असते आणि वरचढही असते. ती रागावू शकते, आणि विचारल्याशिवाय लेखणी हाती घेऊ शकते. ह्या वरचढपणात धोका आहेच, पण तो लपविलेला नसतो.

ह्याच आठवणीच्या आधारे लेखिकेने आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दर गुरुवारी एक टेबल मांडले. तृतीय वर्षाच्या तीन मुली तेथे बसू लागल्या. त्यांना मानधन नाही. कार्यभाराच्या तक्त्यात ह्या तासाला रकाना नाही. पहिल्या सत्रात द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी पर्यावरण विषयाच्या प्रकल्पाचा खर्डा घेऊन आली. विषय होता साखर कारखान्याच्या परिसरातील पाणी आणि तोडणी कामगारांची वस्ती. तिचे आईवडील दर हंगामात बीड जिल्ह्यातून तोडणीला जातात. खर्ड्यात तिने लिहिले होते की टोळीत बारा कोयते होते, प्रत्येक कोयत्याने मुकादमाकडून उचल घेतली होती, आणि पाण्याचा नळ कोप्यांपासून दूर होता.

टेबलावरील सहायिकेने पेन्सिल घेतली. 'कोयते' खोडून 'जोडपी' केले, 'उचल' खोडून 'आगाऊ रक्कम' केले, 'कोप्या' खोडून 'झोपड्या' केले. 'व्हता' चे 'होता' आणि 'पानी' चे 'पाणी' झाले. वाक्ये स्वच्छ झाली. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांना त्यांत बोट ठेवावयास जागा उरली नाही.

परंतु ह्या पाच दुरुस्त्या एका जातीच्या नाहीत. 'पानी' चे 'पाणी' करण्याने माहिती हरवत नाही. परीक्षक कोणते रूप मागतो हे मुलीला कळते, आणि ते तिला स्पष्टपणे सांगणे हेच डेल्पिट ह्यांना अभिप्रेत असलेले काम आहे. 'कोयता' ची गोष्ट वेगळी आहे. ऊसतोडणीच्या हिशेबात नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात. दोघांच्या श्रमाचे मोजमाप एकच, उचल एकत्र, आणि बाईची मजुरी स्वतंत्रपणे कोठेच दिसत नाही. हे सारे त्या एका शब्दात आहे. 'जोडपे' म्हटले की लग्नाचा फोटो दिसतो, हिशेब दिसत नाही. 'उचल' आणि 'आगाऊ रक्कम' ह्यांतही हाच भेद आहे. उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला राहतो, आगाऊ रक्कम कोणीही कशासाठीही घेते. लक्ष्मण माने ह्यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, ते अभ्यासक्रमांत लागले. बोलीतील शब्द साहित्यात आला तर आपण त्याला समृद्धी म्हणतो, प्रकल्पवहीत आला तर ग्राम्य म्हणतो.

ह्यात सर्वांत अस्वस्थ करणारी बाब म्हणजे खोडणारी सहायिकाही ऊसतोड कामगाराचीच मुलगी होती. तिला 'कोयता' म्हणजे काय हे लेखिकेपेक्षा कितीतरी अधिक ठाऊक होते. का खोडले असे विचारता ती म्हणाली, "मॅडम, मी पहिल्या वर्षाला असंच लिहिलं होतं, तेव्हा माझं पण खोडलं होतं." मॉर्गनच्या बाबतीत डीपार्डो ह्यांनी जे सूचित केले ते येथे उघड उच्चारले गेले.

ब्रूक्स ह्यांच्या नियमाप्रमाणे तिच्या हाती पेन्सिलच नसती तर 'कोयता' वाचला असता, हे मान्य केले पाहिजे. पण मग 'पानी' ही तसेच राहिले असते, आणि 'कोयता' वाचला असता तो केवळ न खोडल्यामुळे, समजावून दिल्यामुळे नव्हे. परीक्षकाला तो शब्द अवजाराचाच वाटला असता. पुढच्या गुरुवारी दोघींना पुन्हा एकत्र बसविले आणि सहायिकेला एकच काम दिले : खोडलेले तिन्ही शब्द परत लिहावयाचे आणि प्रत्येकाचा अर्थ, ज्याने ऊस तोडताना कधी पाहिला नाही अशा माणसाला, धाकटीने तोंडी सांगावयाचा, अडेल तेथे सहायिकेने सांगावयाचा. दीड तास लागला. बोलण्याच्या ओघात सहायिकेने आपल्या आईची हकिगत सांगितली आणि धाकटीने ती ऐकून स्वतःच्या परिच्छेदात दोन वाक्ये घातली. ती वाक्ये कोणाची, असा प्रश्न चौर्य मोजणाऱ्या कोणत्याही पद्धतीला पडेल. त्या दोघींना तो पडला नाही.

प्रकल्पाला गुण बरे मिळाले. 'कोयता' ह्या शब्दाभोवती परीक्षकाने तांबडे वर्तुळ केले होते. खालचे स्पष्टीकरणाचे वाक्य त्यांनी वाचले की नाही हे वहीवरून कळत नाही. सहायिकेने ते वर्तुळ पाहिले आणि पुढच्या मुलीला काय सांगू असे विचारले. स्पष्टीकरण शब्दाच्या आधी घालून पाहा, असे लेखिकेने तिला सांगितले. चालू सत्रात त्या टेबलापाशी तसेच केले जात आहे.